कोटेशनचा कागद : सुट्या भागांतून घरात आलेला मल्टिमीडिया संगणक



अल कुसैसहून तुम्हा सगळ्यांना नमस्कार. तुम्ही मस्कतमध्ये ऐकत असाल, लंडनमध्ये असाल किंवा आमच्यासारखे इथेच, दुबईच्या कडेला शारजाच्या वेशीवर राहत असाल. चहाचा कप हातात घ्या आणि बसा. आजचा विषय अगदी घरगुती आहे.

गेल्या आठवड्यात माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने जेवणाच्या टेबलावर एक कागद ठेवला. म्हणाला, "बाबा, मला स्वतः पीसी जोडायचाय. ही यादी." यादी व्यवस्थित होती. सगळ्यांत वर ग्राफिक्स कार्ड, त्याखाली प्रोसेसर, मग मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, दिव्यांचे पंखे. आणि सगळ्यांत शेवटी एक ओळ : पॉवर सप्लाय, कुठलाही चालेल.

त्या "कुठलाही चालेल"पाशी मी थांबलो. कारण सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी मीही अशीच एक यादी केली होती आणि शेवटच्या ओळीत जवळपास हेच लिहिलं होतं. त्याची किंमत काय पडली, ते शेवटी सांगतो. आधी त्या काळात जाऊ या. संगणक बोलायला, गायला आणि सिनेमा दाखवायला लागला होता, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा खोक्यातून तयार न येता सुट्या भागांतून घरात येत होता.

मुळात संगणक असा सुटा सुटा घेऊन घरी जोडता का येतो? फ्रिज कोणी सुटा आणून जोडत नाही. याचं उत्तर १९८१ मध्ये आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. घाईने आणायचा होता म्हणून त्यांनी इंटेलचा प्रोसेसर आणि मायक्रोसॉफ्टची डॉस प्रणाली घेतली, इतर कंपन्यांचे तयार भाग वापरले आणि कार्डं बसवण्याच्या खाचांचा तपशील जाहीर केला. बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम तेवढा आयबीएमचा स्वतःचा होता. पुढे कॉम्पॅक आणि फिनिक्ससारख्या कंपन्यांनी तसंच काम करणारा बायोस स्वतः लिहिला आणि दार सताड उघडलं. आयबीएमच्या खाचेत बसणारं कार्ड जगात कोणीही बनवू लागलं. तैवानचा मदरबोर्ड, सिंगापूरचं साउंड कार्ड, कोरियाची रॅम, सगळं एकाच डब्यात नांदू लागलं.

भारतात नोव्हेंबर १९८४ मध्ये नवं संगणक धोरण आलं आणि भाग आयात करणं थोडं सोपं झालं. १९९१ नंतर आणखी सोपं झालं. आयात कर तरीही होताच. ब्रँडेड संगणक मध्यमवर्गीय घराला झेपत नव्हता. मग मुंबईकर जायचे लॅमिंग्टन रोडला.

ग्रँट रोड स्टेशनातून उतरलात की हा रस्ता जवळच. कागदोपत्री त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. जुनं नाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्यावरून पडलेलं. एकेकाळी हा सिनेमांचा रस्ता, नाझ, मिनर्व्हा, अप्सरा या थिएटरांचा. त्याच रस्त्यावर रेडिओचे, ॲम्प्लिफायरचे सुटे भाग मिळायचे, आणि त्या दुकानांच्या जोडीला संगणकाची दुकानं वाढली. पुण्यात हेच काम बुधवार पेठेतली तपकीर गल्ली करायची. या दुकानांतला परवलीचा शब्द होता "कोटेशन". दुकानदार छापील पॅडवर भराभर लिहायचा : प्रोसेसर, बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट, की-बोर्ड, माउस, मॉनिटर. खाली एकूण रक्कम. तो कागद घेऊन पुढच्या दुकानात जायचं आणि म्हणायचं, "बाजूवाला एवढ्यात देतोय."

आता "मल्टिमीडिया" म्हणजे काय, ते सांगतो. आज हा शब्द ऐकून मुलं हसतात. पण १९९० च्या आसपास साध्या पीसीला आवाज म्हणजे आतला बोटभर स्पीकर. तो फक्त "टूं" म्हणायचा. आणि माल साठवायचा तर १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर. मग सीडी-रॉम आली. एका तबकडीत साधारण ६५० एमबी, म्हणजे साडेचारशेहून जास्त फ्लॉप्या. अख्खा विश्वकोश चित्रांसकट आणि आवाजासकट एका तबकडीत मावू लागला.

पण तबकडी घेतली आणि घरचा पीसी ती चालवू शकला नाही, तर? म्हणून मायक्रोसॉफ्ट आणि काही संगणक कंपन्यांनी मिळून एक मापदंड ठरवला, त्याचं नाव एमपीसी, म्हणजे मल्टिमीडिया पीसी. सीडीच्या खोक्यावर हा छाप असला आणि तुमच्या संगणकावरही असला, तर दोघांचं जमणार, अशी ती पत्रिका.

१९९१ मधली पहिली पातळी ऐका : १६ मेगाहर्ट्झचा ३८६ एसएक्स प्रोसेसर, २ एमबी रॅम, ३० एमबीची हार्ड डिस्क, सेकंदाला १५० केबी वाचणारा सीडी ड्राइव्ह. १९९३ मध्ये दुसरी : २५ मेगाहर्ट्झचा ४८६ एसएक्स, ४ एमबी, १६० एमबी आणि सेकंदाला ३०० केबी. १९९६ मध्ये तिसरी : ७५ मेगाहर्ट्झचा पेंटियम, ८ एमबी, ५४० एमबी, सेकंदाला ६०० केबी, आणि शिवाय एमपेग-१ चित्रफीत चालली पाहिजे. पाच वर्षांत रॅम चौपट झाली, सीडीचा वेग चौपट झाला, हार्ड डिस्क अठरापट झाली.

या आकड्यांपेक्षा मला त्यातली एक बारीक अट आवडते. पहिल्याच पातळीत म्हटलं होतं की सीडी वाचताना प्रोसेसरची ४० टक्क्यांहून जास्त ताकद खर्ची पडता कामा नये. का? तर उरलेल्या ताकदीत चित्र काढायचं असतं, आवाज वाजवायचा असतो. म्हणजे मल्टिमीडिया संगणक हा एका भागाच्या जोरावर होत नाही. भजनात एकच गडी तार स्वरात गायला आणि टाळ मागे पडले तर जे होईल, तेच इथे होतं. सगळ्यांत संथ भाग ठरवतो की सगळा संगणक किती चालणार.

(संगीत)

आता आमच्या घरात या.

आम्ही मूळचे चिपळूणचे. बाबा दुबईत एसी दुरुस्तीच्या कामावर होते. राहायला इथेच अल कुसैसच्या औद्योगिक भागात, एका खोलीत सहा जण. मी आज ज्या फ्लॅटमधून तुमच्याशी बोलतोय, तिथून ती जागा फार लांब नाही. कोकणातल्या किती घरांची ही गोष्ट आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. १९९८ च्या मार्चमध्ये माझी दहावीची परीक्षा झाली आणि बाबांचं पत्र आलं : मे महिन्यात सुट्टीवर येतोय, संगणक घेऊ, काय काय लागतं ते मामाला विचारून कळव.

मामा मुंबईला नोकरीला. त्यांना यातलं कळायचं. त्यांनी यादीची दोन भागांत वाटणी केली. जे वजनाला हलकं आणि किमतीला भारी, ते दुबईहून. जे जड आणि फुटणारं, ते मुंबईहून. पुढे एमबीए करताना मालवाहतुकीचं हेच तत्त्व मला मोठमोठ्या शब्दांत शिकवलं, तेव्हा मामांचा तो कागद आठवला.

दुबईत तेव्हा संगणकाचा बाजार म्हणजे बर दुबईचा खालिद बिन अल वलीद रस्ता. लोक त्याला कॉम्प्युटर स्ट्रीटच म्हणायचे. जवळच मनखूल रस्त्यावरचं अल ऐन सेंटर. दुबईने बंदर बांधलं, १९८५ मध्ये जबल अलीचं मुक्त क्षेत्र उघडलं, १९८१ पासून जायटेक्सचं प्रदर्शन भरवायला सुरुवात केली. त्यामुळे पूर्व आशियातून आलेला माल इथे उतरायचा आणि इराण, आफ्रिका, भारतीय उपखंड अशा चहूकडे जायचा. काही कंटेनरमधून आणि काही सुट्टीवर निघालेल्या माणसांच्या बॅगेतून.

बाबांना संगणकाचं काही कळत नव्हतं. पण एसीचा कॉम्प्रेसर निवडणारा माणूस, त्यांना प्रश्न बरोबर विचारता यायचा. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी ते बसने देराला गेले, अब्र्यात बसून खाडी ओलांडली आणि दुकानदाराला म्हणाले, "माझ्याकडे एवढेच पैसे आहेत. २३३ चा प्रोसेसर घेतला तर रॅम १६ एमबी येते. १६६ चा घेतला तर ३२ येते. घरी मुलगा शिकणार, गाणी ऐकणार, सिनेमा बघणार. काय घेऊ?"

प्रश्न पेंटियम एमएमएक्सचा होता. इंटेलने जानेवारी १९९७ मध्ये हा प्रोसेसर आणला होता. त्यात चित्र आणि आवाजाच्या कामासाठी ५७ नव्या आज्ञा घातल्या होत्या. तेव्हा चार मित्र भेटले की "तुझा किती मेगाहर्ट्झ?" एवढंच विचारायचे. मी पत्रात २३३ लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या. दुकानदाराने सांगितलं, १६६ घ्या आणि रॅम दुप्पट करा. कारण रॅम कमी पडली की विंडोज तिचं काम हार्ड डिस्कवर ढकलतं. हार्ड डिस्क घरघरत बसते आणि माणूस वाळूच्या घड्याळाकडे बघत बसतो.

बाबांनी १६६ घेतला. मी रुसलो. पण सांगतो, आमच्या सगळ्या यादीतला तो सर्वांत शहाणा निर्णय होता.

एक सावधगिरीही मामांनी कळवली होती. त्या काळात जगभर एक लबाडी चालायची : कमी वेगाच्या प्रोसेसरवरचा आकडा खरवडून वर मोठा आकडा छापायचा. म्हणून सीलबंद डब्यातलाच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

मे महिन्यात बाबा आले. हातातल्या बॅगेत टॉवेलात गुंडाळलेला प्रोसेसर, रॅम, सीडी ड्राइव्ह आणि साउंड कार्ड. बाकीचं घ्यायला आम्ही तिघं लॅमिंग्टन रोडला गेलो. मी पहिल्यांदाच. तिथे काय काय पाहिलं, ते एकेक करून सांगतो, कारण त्या एकेका भागामागे एकेक गंमत आहे.

व्हिडिओ कार्ड. दुकानदार म्हणत होता २ एमबीचं घ्या. मामांनी खिशातून पेन काढलं. १४ इंची मॉनिटरवर ८०० गुणिले ६०० ठिपके पुरेत. त्याहून बारीक केलं तर अक्षरं मोहरीएवढी दिसतात. ६५,५३६ रंगांसाठी प्रत्येक ठिपक्याला २ बाइट. गुणाकार ९ लाख ६० हजार. म्हणजे १ एमबी पुरतं. १०२४ गुणिले ७६८ वापरायचं असतं, तर १५ लाख ७२ हजार झाले असते आणि २ एमबी लागलं असतं. एस-३ ट्रायोचं १ एमबीवालं कार्ड घेतलं. दुकानदार मामांकडे बघतच राहिला.

सीडी ड्राइव्ह. तेव्हा २४ एक्सची जाहिरात जोरात होती. एक एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी. पण व्हीसीडी सिनेमा एक एक्सवरच चालतो. तो तसाच घडवलेला आहे, एका तबकडीत साधारण ७४ मिनिटं. म्हणून हिंदी सिनेमा दोन किंवा तीन तबकड्यांत यायचा, आणि ऐन मारामारीत उठून तबकडी बदलावी लागायची. शिवाय २४ एक्स हा वेग फक्त तबकडीच्या बाहेरच्या कडेला मिळतो, आत कमी. म्हणून बाबांनी ८ एक्सचा आणला होता. तो शेवटपर्यंत कुठेही कमी पडला नाही.

साउंड कार्ड. इथे मानाचं पान सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीच्या साउंड ब्लास्टरला. १९८९ मध्ये ते आलं आणि एवढं चाललं की इतर कंपन्या आपल्या कार्डावर "साउंड ब्लास्टर कंपॅटिबल" असं लिहू लागल्या. सुरुवातीच्या काळात तर ड्राइव्ह, कार्ड, स्पीकर आणि चार सीड्या असं सगळं एकाच खोक्यात "मल्टिमीडिया किट" म्हणून मिळायचं, आणि ड्राइव्हची वायर मदरबोर्डला न लावता साउंड कार्डालाच जोडायची असायची. आमचं कार्ड कंपॅटिबल जातीचं होतं. त्याला डॉसमधल्या खेळांसाठी तीन गोष्टी सांगाव्या लागत : पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १. आयआरक्यू म्हणजे प्रोसेसरचं दार वाजवायची घंटा. पीसीत अशा १६ घंटा, त्यातल्या बहुतेक आधीच कोणाच्या तरी ताब्यात. सात नंबरची सहसा प्रिंटरची. दोघांनी एकच घंटा वाजवली की आवाज अडखळायचा किंवा सगळा संगणक गोठायचा. विंडोज ९५ ने हे आपोआप ठरवायला सुरुवात केली, पण खात्री नव्हती.

स्पीकर. डब्यावर लिहिलेलं "३०० वॅट पीएमपीओ". हा पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या उंचीचा फुगवलेला आकडा. खरा आवाज दोन-चार वॅटचा. आमच्या देव्हाऱ्याशेजारी ते ठेवल्यावर आजी म्हणाली, "एवढ्याशा डब्यातून कसला आवाज येणार?" आजीचं बरोबर होतं.

मराठीचं काय, असं तुम्ही विचाराल. तोही तेव्हा भाग निवडण्याचाच प्रश्न होता! पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड मदरबोर्डच्या खाचेत बसवलं की डॉसमध्ये देवनागरी दिसायची, टंकता यायची. या तंत्राची सुरुवात आयआयटी कानपूरमध्ये झाली आणि पुढे ते सी-डॅकमध्ये वाढलं. विंडोज आल्यावर श्रीलिपी, आकृती अशा सॉफ्टवेअरनी ते काम घेतलं. पण एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला की अक्षरांची खिचडी व्हायची. विंडोज २००० मध्ये युनिकोडची देवनागरी आली, आणि पुढच्या काळात ती खिचडी हळूहळू निवळली. आज या कार्यक्रमाची संहिता तुम्ही जगात कुठेही उघडून वाचू शकता, त्यामागे तो सगळा प्रवास आहे. १९९८ मध्ये आमच्या यादीत मराठीसाठी एकही ओळ नव्हती. परवडणारीही नव्हती.

आता कॅबिनेट. हा एकच भाग मी निवडला. मामा आणि बाबा मॉनिटर तपासत होते, आणि मला म्हणाले, "तू पसंत कर." दोन कॅबिनेट होते. एक साधा, पण चांगलाच जड. दुसऱ्याच्या तोंडावर हिरव्या दिव्यांचे आकडे होते, त्यावर "१६६" चमकणार होतं. मी चमकणारा घेतला. तो हलका होता. मला वाटलं, गाडीत न्यायला बरं.

त्या आकड्यांचं गुपित मला नंतर कळलं. ते वेग मोजत नसत. मागे छोट्या जंपर टोप्या असत, त्या जशा लावाल तसा आकडा दिसायचा. मनात आणलं असतं तर ९९९ सुद्धा दाखवला असता! आणि कॅबिनेट हलका होता, कारण आतला पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, हलका होता. आत तांबं कमी, लोखंड कमी, फिल्टरचे भाग कमी. कोटेशनच्या कागदावर एसएमपीएसची वेगळी ओळच नसायची. "कॅबिनेट विथ एसएमपीएस", बस.

(संगीत)

त्याच वर्षी २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली होती. चिपळूणपर्यंत मॉनिटरचं खोकं बाबांच्या मांडीवर होतं. सबंध प्रवासात त्यांनी ते खाली ठेवलं नाही.

जोडायला दोन दिवस लागले. रिबन केबलची लाल कड एक नंबरच्या पिनकडे. पॉवरच्या दोन प्लगच्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींशेजारी. उलट लावल्या तर बोर्ड जळालाच म्हणून समजा. विंडोजची सीडी वाचायला सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर हवा, आणि तो असतो फ्लॉपीवर, हे कळायला अर्धा दिवस गेला. शेवटी सुरू झाला. खेळातला आवाज आला, पण बाबांनी आणलेली गाण्यांची सीडी लावली तर चिडीचूप. ड्राइव्ह फिरतोय, घड्याळ पुढे जातंय, गाणं नाही. मामांना फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत ती बारीक चार तारांची वायर लावलीस का?" ती खोक्याच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत पडली होती. लावली, आणि घरात गाणं आलं. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

जूनमध्ये बाबा परत दुबईला गेले. गणपतीला येणं शक्य नव्हतं. आयएसडी महाग, एसटीडी बूथवर डोळा सतत मीटरच्या आकड्यावर. मग मी आजीला माइकसमोर बसवलं.

विंडोज ९५ मधला साउंड रेकॉर्डर एका वेळी ६० सेकंदच ध्वनिमुद्रण करायचा. त्यात तीन दर्जे होते : टेलिफोन, रेडिओ आणि सीडी. सीडीच्या दर्जाने एक मिनिट म्हणजे दहा एमबीच्या वर, फ्लॉपीत मावायचं नावच नको. रेडिओ दर्जात सेकंदाला २२,०५० बाइट, म्हणजे एका मिनिटाचे १३ लाख २३ हजार. फ्लॉपीत बरोबर बसतं, थोडी जागाही उरते. आजी आधी वीस सेकंद "बोलू का? सुरू झालं का?" एवढंच विचारत राहिली. मग बाबांना नावाने हाक मारली, तब्येत विचारली, जेवणाची आबाळ करू नकोस म्हणाली, आणि मिनिट संपलं.

कॅसेटवर हे सहज झालं असतं, आणि गल्फमधल्या कित्येक घरांनी ते वर्षानुवर्षं केलंही होतं. पण मला संगणकाची मिजास. ती फ्लॉपी गावातला एक जण घेऊन आला. बाबांच्या खोलीत संगणक कुठला? ते पुन्हा शुक्रवारी खाडी ओलांडून त्याच दुकानात गेले. दुकानदाराने फ्लॉपी लावली आणि हेडफोन त्यांच्या हातात दिला. मागे गिऱ्हाइकं उभी होती. बाबांनी ते दोनदा ऐकलं. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत.

ऑक्टोबरात परतीच्या पावसात विजा कडाडत होत्या, लाइट जात-येत होती. आमच्याकडे यूपीएस नव्हता. एका संध्याकाळी लाइट आली ती जोरात आली. कॅबिनेटमधून फट् असा आवाज झाला, जळकट वास सुटला. मुंबईहून मामा आले, त्यांनी एसएमपीएस उघडून दाखवला. चांगल्या एसएमपीएसमध्ये जादा दाब आला की तो स्वतः बंद पडतो आणि पुढच्या भागांना वाचवतो. आमच्याकडचा स्वतः गेला आणि जाताना हार्ड डिस्क घेऊन गेला. प्रोसेसर, रॅम, साउंड कार्ड सगळं वाचलं. डिस्क गेली.

तेव्हा मला दुःख कशाचं झालं असेल? खेळांचं. आजीची फाइल त्यात होती, हे माझ्या ध्यानातही नव्हतं. पुढच्या वर्षी आजी गेली, आणि आईने विचारलं, "तो तुझ्या संगणकातला आवाज लाव ना."

बाबांनी फ्लॉपी जपून ठेवली होती, पत्र्याच्या पेटीत, पासपोर्टच्या झेरॉक्ससोबत. निवृत्त होऊन परत येताना ती घेऊन आले. मी वाचायचा प्रयत्न केला, दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर. चुंबकीय थर उतरला होता. वाचली नाही.

मंडळी, आता थोडं आजचं. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणकांवरचा आयात कर शून्यावर आणायचं मान्य केलं. बॅगेतून प्रोसेसर आणायचं कारण संपलं. त्याच १९९७ मध्ये इंटेलने एसी-९७ नावाचा मापदंड आणला आणि आवाज हळूहळू मदरबोर्डवरच आला. साउंड कार्डाची ओळ यादीतून गळाली. मग सीडी ड्राइव्ह गेला. मल्टिमीडिया हा शब्दही गेला, कारण आवाज आणि चित्र नसलेला संगणक आता उरलाच नाही. खिशातल्या फोनमध्ये सगळं आहे, आणि तो उघडायला स्क्रूसुद्धा नाही.

म्हणून मुलाने यादी समोर ठेवली तेव्हा मला आनंदच झाला. यादी करणं म्हणजे आपल्याला हे यंत्र कशासाठी हवंय, हे स्वतःला विचारणं. बाबांनी दुकानात हाच प्रश्न विचारला होता, "मुलगा शिकणार, गाणी ऐकणार, सिनेमा बघणार. काय घेऊ?" मेगाहर्ट्झचं नाव त्यांनी नंतर घेतलं. मी मात्र आधी चमक बघितली.

शुक्रवारी आम्ही दोघं ग्रीन लाइनने बरजुमानला उतरलो आणि कॉम्प्युटर स्ट्रीटवर चालत गेलो. दुकानं बदलली आहेत, बरीच मोबाइलची झाली आहेत, पण पार्ट्‌सवाले अजून आहेत. मुलाचं ग्राफिक्स कार्ड मी एक पायरी खाली आणलं. तो रुसला. मी काही बोललो नाही. रुसण्याची परंपरा आमच्या घरात जुनी आहे. वाचलेल्या पैशांतून चांगल्या कंपनीचा पॉवर सप्लाय घेतला आणि दुसरी एक हार्ड डिस्क, फक्त प्रती ठेवायला. दुकानदाराने पॉवर सप्लाय काउंटरवर ठेवला तेव्हा मी मुलाला म्हटलं, "उचलून बघ." तो म्हणाला, "केवढा जड आहे, बाबा!"

संगणक सुरू झाला त्या संध्याकाळी चिपळूणला व्हिडिओ कॉल लावला. बाबा आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांनी सगळे भाग नीट विचारून घेतले. मग मी त्यांना सांगितलं की हा कॉल मी रेकॉर्ड करतोय. ते म्हणाले, "सुरू झालं का? बोलू का?"

तर तुम्हालाही एक विनंती. तुमच्या घरात पहिला संगणक कसा आला, कोणी निवडला, कोणी आणला, हे आम्हाला लिहून पाठवा. कोटेशनचा जुना कागद सापडला तर त्याचा फोटोही पाठवा. आणि घरातल्या मोठ्या माणसांचा आवाज कुठे साठवलेला असेल, तर आज त्याची आणखी एक प्रत करून दुसऱ्या जागी ठेवा. मिनिटभराचा असला तरी.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या. नमस्कार!